सातमीला पेटवलेली शेगडी

आमच्या कॉलेजच्या वार्षिकात दरवर्षी एक प्रवासवर्णन असतं. गेल्या साली एकानं काश्मीरचं लिहिलं होतं, त्याच्या आदल्या साली एकीनं रामेश्वरचं. यंदा संपादकांनी वर्गात येऊन विचारलं, "लांब कुणी जाऊन आलंय का?" मी हात वर केला.

"कुठे?"

"पिंपरीला."

सगळा वर्ग हसला. संपादक पुण्याचेच. त्यांच्या लेखी पिंपरी म्हणजे लोणावळ्याला जाताना गाडीच्या खिडकीतून दिसणारं एक स्टेशन. पण मी महाळुंग्याचा, आणि आमच्या गावाहून पिंपरी बारा मैल पडते. या बारा मैलांत माझी भाषा संपली, ओळखीचं जेवण संपलं, आणि एकदा तर माझं शिक्षणही संपत आलं होतं. काश्मीरला जाऊन याहून जास्त काय होत असेल, मला कल्पना नाही.

दिवाळीच्या सुटीत घरी येऊन हे लिहितो आहे. शेजारी आई वाती वळत बसली आहे. तिला वाचता येत नाही, पण मी खोटं लिहायला लागलो की माझ्या तोंडाकडे पाहून तिला कळतं. तेव्हा वाचकांनी निर्धास्त असावं.

निघण्यापूर्वी

आमच्या घरात मॅट्रिक झालेला मी पहिला. त्यामुळे कॉलेजला जायचं म्हणजे काय करायचं, हे सांगणारं घरात कुणी नव्हतं, आणि बाहेरच्यांना विचारण्याचा मला संकोच. वसतिगृहाच्या अर्जात एका इंग्रजी प्रश्नाचा अर्थ लागेना. तो कुणाला विचारावा या विचारात आठ दिवस गेले. नवव्या दिवशी अर्ज घेऊन गेलो तेव्हा जागा भरल्या होत्या. प्रश्न काय होता, ते मला अजून समजलेलं नाही.

मग वडिलांना परसरामभाऊ आठवले. हे दर आठवड्याला सायकलवर कापडाचा गठ्ठा लादून चाकणच्या बाजाराला येत. फाळणीत सिंध सोडून आलेल्यांपैकी. पिंपरीच्या निर्वासितांच्या छावणीत, म्हणजे सगळे ज्याला कॅम्प म्हणतात तिथे, त्यांना बराकीतली जागा मिळाली होती. तिथून पुण्याला रेल्वेनं जाता येत होतं. परसरामभाऊ वडिलांना म्हणाले, "पाटील, मुलगा आपला हाय. आमची अम्मां हो बोलली तर पडद्याच्या मागे जागा हाय."

निघताना वडील मला म्हणाले, "किसन, एक टर्म बघायचं. न्हाई जमलं, त्यांनी न्हाई ठेवून घेतलं, तर सरळ घरी यायचं. नांगर काय कुटं पळून गेला न्हाई."

नांगर गोठ्याच्या भिंतीला टेकून उभा होता. तो खरोखरच कुठे जाण्याच्या बेतात दिसत नव्हता.

पापड

मोटारीनं नाशिक फाट्याला उतरलो आणि डोक्यावर वळकटी घेऊन चालत कॅम्पात शिरलो. एकसारख्या लांबलचक बराकी, एकसारखी दारं. दुसऱ्याच दारात मी चुकून शिरलो, तिथल्या बाईनं न बोलता हाताला धरून मला योग्य दाराशी आणून सोडलं. माझ्या तोंडावरच सगळं लिहिलेलं असावं.

अम्मां दारात बसून भाजी निवडत होत्या. परसरामभाऊंच्या आई. साठीच्या, सडपातळ, पायात ढगळ सुरवार, डोक्यावर पांढरी ओढणी. "अचु पुट, वेहु," त्या म्हणाल्या आणि खाट दाखवली, म्हणून कळलं की ये बाळा, बस. मग त्यांनी मला पाण्याचा पेला दिला आणि एक भाजलेला पापड.

आमच्याकडे पापड म्हणजे पंक्तीतली डावी बाजू. पापड आला की भात येतोय, वरण येतंय, हे ठरलेलं. मी पापड हातात धरून भाताची वाट पाहत बसलो. बराच वेळ बसलो. अम्मां माझ्याकडे पाहत होत्या, मी नम्रपणे पापडाकडे पाहत होतो. दमट हवेनं तो मऊ पडून माझ्या बोटांवर वाकला, तेव्हा पडद्यापलीकडून परसरामभाऊंची पाच वर्षांची मुलगी देवी खुदकन हसली. संध्याकाळी परसरामभाऊंनी सांगितलं, "आमच्यात पाहुणा आला की पापड-पाणी. बस, तेवढंच. तू खाल्ला नाहीस, तर अम्मांला वाटलं, तू आमच्या हातचं खात नाहीस."

मी घाबरून त्या रात्री चार पापड खाल्ले.

मान डोलावण्याची विद्या

अम्मांना मराठी येत नव्हतं, हिंदी थोडं. त्या माझ्याशी सिंधीतच बोलत, आणि भरपूर बोलत. वाक्य संपलं की विचारत, "समझियुइ?" म्हणजे समजलं का. मी मान डोलवायचो.

ही सवय मला कॉलेजनं लावली होती. तिथे प्राध्यापक इंग्रजीत शिकवत आणि "समजलं?" असं विचारत, तेव्हा पुण्याची मुलं मान डोलवत. मीही डोलवू लागलो. त्यात अडचण काही नव्हती. प्राध्यापक खूश, मुलं खूश, फक्त रात्री वही उघडली की पंचाईत.

कॅम्पात तर मान डोलवायला जागोजागी वाव होता. शेजारच्या खोलीत नायर राहायचे. नव्यानं उभ्या राहिलेल्या औषधाच्या कारखान्यात ते टाइपिस्ट होते, केरळचे. ते माझ्याशी इंग्रजीत बोलत. मी मान डोलवायचो. पलीकडच्या रांगेत पंजाबी मिस्त्री होते, त्यांना तर दोन वेळा डोलवायचो, कारण ते प्रत्येक गोष्ट दोनदा सांगत. परसरामभाऊ संध्याकाळी वर्तमानपत्र वाचत ते उजवीकडून डावीकडे. त्यांची सिंधी अरबी वळणाच्या लिपीत लिहितात. पहिल्या दिवशी मला वाटलं, ते शेवटच्या पानापासून सुरुवात करून कंटाळवाणं आधी उरकतायत. विचारलं मात्र नाही.

रविवारी मी नुसता फिरायचो. कॅम्पातून पवना नदीकडे गेलं की जुनं पिंपरी गाव लागे, आणि तिथे एकदम घरी आल्यासारखं वाटे. तीच मातीची घरं, तीच कडब्याची गंज. एक दूधवाली बाई गोठ्यात म्हैस धूत होती. तिनं मला हटकलं, "कुनाचा रं तू?"

"महाळुंग्याचा. कॅम्पात राहतो."

"आगं बया! आन् खातोस काय तितं?"

"पापड," मी म्हणालो.

ती अशी हळहळली की तिनं मला अर्धी भाकरी आणि ठेचा दिला. मी तो तिथेच उभ्यानं खाल्ला आणि मग मनात लाज वाटली. कारण खरं सांगायचं तर अम्मांच्या हातची जाड, कांदा घातलेली कोकी मला आता भाकरीइतकीच आवडायला लागली होती. दूधवालीची दया मी फुकट घेतली.

सातम

श्रावणात, गोकुळाष्टमीच्या दोन दिवस आधी, अम्मांनी आणि त्यांच्या सुनेनं संध्याकाळभर तळण काढलं. गुळाचे जाड गोड लोले, पुऱ्या, बेसनाच्या कोकी, तळलेली कारली. एवढं कशाला, हा प्रश्न मनात आला आणि तिथेच राहिला. मी अभ्यासाला बसलो होतो. अम्मां पडदा बाजूला करून आल्या, बाहेरच्या शेगडीकडे बोट दाखवून काहीतरी बरंच सांगितलं, हात हलवून दाखवला आणि विचारलं, "समझियुइ?"

मी मान डोलावली. उद्याचा तास तर्कशास्त्राचा होता आणि मी गडबडीत होतो.

सकाळी उठलो तर कॅम्प वेगळाच वाटला. एरवी यावेळी दर दारापुढे शेगडी पेटलेली असे आणि सगळी रांग धुरात असे. आज कुठेही धूर नव्हता. तर्कशास्त्रात आम्हाला शिकवलं होतं की डोंगरावर धूर दिसला की तिथे अग्नी आहे असं अनुमान काढावं. मी ते उलटं चालवलं. धूर नाही, म्हणजे अग्नी नाही, म्हणजे कोळसा नाही किंवा माणसं थकली आहेत. आमच्या शेगडीशेजारी कोळसा होता. म्हणजे अम्मां थकल्या. काल इतकं तळण केलं, बिचाऱ्या झोपल्या असतील. आपण त्यांचं इतकं खातो, आज आपण चहा करून त्यांना उठवू.

अनुमान कसं निर्दोष होतं, पाहा.

शेगडीवर हळदकुंकवाची बोटं होती, वर थोडे तांदूळ आणि एक हिरवी डहाळी. मी सांडलं असेल समजून फडक्यानं सगळं स्वच्छ पुसलं. ज्याच्या आईनं दरवर्षी सातमीला चुलीला हळदकुंकू वाहिलं, त्या मुलानं पुसलं. आमच्याकडची शीतळासातम पंधरा दिवसांपूर्वी होऊन गेली होती, आणि एकच सण दोन घरी दोन दिवशी येतो, हे माझ्या तर्कशास्त्रात नव्हतं.

कोळसा ओला होता. मी रॉकेल ओतलं. असा धूर झाला की सगळ्या रांगेची दारं उघडली. कुणीतरी बाई ओरडली. मग दुसरी. मी चहाचं भांडं हातात घेऊन हसतमुखानं उभा होतो. मला वाटलं, कौतुक चाललंय.

अम्मां बाहेर आल्या. त्या ओरडल्या नाहीत. पुसलेल्या शेगडीकडे पाहिलं, माझ्या हातातल्या फडक्याकडे पाहिलं. मग आत जाऊन पाण्याची घागर आणली आणि निखाऱ्यांवर ओतली. तापलेलं मातीचं अस्तर तडकलं आणि त्याचा अर्धा भाग खाली पडला. अम्मां आत गेल्या आणि देवीच्या खाटेशी जाऊन बसल्या.

नायर दारात उभे होते. ते म्हणाले, "आज इनका थदडी है. आज चूल्हा नहीं जलाने का. मैं भी ठंडा भात खाता हूँ."

"तुम्हाला कसं माहीत?"

"पहला साल मैं पूछा," नायर म्हणाले. "तुम नहीं पूछा?"

दुपारी देवीला ताप चढला.

संध्याकाळी परसरामभाऊंनी मला बाहेर नेलं. त्यांना राग आला असता तर बरं झालं असतं. ते हळू आवाजात म्हणाले, "किसनभाऊ, ही शीतळाआईची पूजा हाय. घरच्या मुलांना माता, अंगावर फोड येतात ती, येऊ नये, अंग थंड राहावं, म्हणून चूल थंड ठेवतात. माझा एक लहान भाऊ होता. पहिल्या छावणीत माता आली, गेला. तिथं ना चूल होती, ना पूजा. अम्मां अजून बोलते, मी त्या साली आईला विसरले. आता देवीला ताप. अम्मां तुला काही बोलत नाही, पण तुझ्याकडे बघत बी नाही. तू दोन-चार रोज घरी जा. पुढचं बघू."

पुढचं बघू म्हणजे काय, ते समजायला मला तर्कशास्त्र लागलं नाही. मी पुस्तकं बांधली.

परत महाळुंगे

मोटारीत माझ्या डोळ्यांसमोर सारखी देवी येत होती. आणि खोटं कशाला बोलू, तिच्यामागे नांगरही येत होता. लहान मुलीला ताप असताना आपल्याला आपल्या कॉलेजची काळजी वाटते, याची लाज वाटत होती, आणि लाज वाटूनही काळजी कमी होत नव्हती.

वडिलांनी पुस्तकांचं गाठोडं पाहिलं आणि काही न विचारता गोठ्याकडे गेले. आईनं विचारलं. मी सगळं सांगितलं. शिकलेल्या मुलाला शोभेल अशा भाषेत सांगायला सुरुवात केली, गैरसमज वगैरे.

"थांब," आई म्हणाली. "चुलीवरचं कुक्कू पुसलंस?"

"हो."

"सातमीचं?"

"त्यांची सातम, आई. आपली तर..."

"सातम काय दोन असत्यात व्हय रं? आई एकच हाय. दारोदार पोचायला तिला येळ लागतो." ती उठली. "आन् म्हातारीला काय सांगितलंस? चुकलं म्हनलास का?"

अम्मांना मी काहीच म्हणालो नव्हतो. मान खाली घालून निघून आलो होतो, म्हणजे एका परीनं मान डोलवूनच.

आई चाकणच्या पुढे कधी गेली नव्हती. दुसऱ्या दिवशी पहाटे तिनं दह्याचं गाडगं फडक्यात बांधलं, कडुलिंबाची डहाळी घेतली आणि वडिलांना म्हणाली, "याला पोचवून येते."

"आन् ठेवून न्हाई घेतला तर?"

"तर आनते की माघारी. नांगर कुटं पळतोय?"

माती

मोटारीत आईला दोनदा उलटी झाली, पण गाडगं तिनं सोडलं नाही.

अम्मां दारात बसल्या होत्या. आई त्यांच्यासमोर गेली आणि खाली बसली. मी दुभाष्याचं काम करायला पुढे सरसावलो. मला ना सिंधी येत होतं, ना धीर होता. दोघींनी माझ्याकडे लक्ष दिलं नाही.

अम्मां उठल्या. पाण्याचा पेला आणला आणि पापड आणला. मी आईला खुणावणार होतो की भात येणार नाही, पण आईनं पापड घेतला, मोडला, अर्धा अम्मांना दिला आणि अर्धा खाल्ला. तिला हे कुणी शिकवलं, माहीत नाही.

मग ती आत जाऊन देवीपाशी बसली. अंगावरचा सदरा वर केला, पाठ पाहिली, मान पाहिली. पाठीवर लाल पुरळ होतं. अम्मांनी ओढणी तोंडाला लावली.

"घामोळं हाय," आई म्हणाली. "ह्यो ल्हान होता तवा ह्यालाबी असंच यायचं. ह्या कोंदट खोलीत पोरीला दोन कापडांत गुंडाळलीया. ताप उतरलाय की कवाचा. बघा हात लावून." अम्मांना एक शब्द कळला नसेल, पण आईनं त्यांचा हात धरून देवीच्या कपाळावर ठेवला. कपाळ थंड होतं. अम्मांनी हात तिथेच राहू दिला. खूप वेळ.

मी तेव्हा बोललो. "अम्मां, माझं चुकलं." मराठीतच. पाठ करून आणलेलं हिंदी वाक्य ऐनवेळी पळून गेलं. अम्मांनी बाहेर तडकलेल्या शेगडीकडे पाहिलं आणि परत देवीकडे.

आईनंही शेगडी पाहिली. लोखंडी बादली कापून आतून माती थापलेली ती शेगडी. "ही काय चूल हाय?" ती मला म्हणाली. "जा, नदीवरनं माती आन. चिकट बघून आन. शेन आन. भुसा आन."

"आई, दुसऱ्याच्या दारात..."

"कॉलेजला माती शिकवत न्हाईत वाटतं. जा."

मी पाट्या वाहिल्या. पिंपरी गावातली ती दूधवाली मला शेण देताना म्हणाली, "आरं देवा, आता शेन खायला घालत्यात काय?" नायर कारखान्यातून आले आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून पाणी आणू लागले. आईनं ओसरीवर माती मळायला घेतली. अम्मां थोडा वेळ पाहत राहिल्या. मग त्यांनी बाह्या वर केल्या, आईच्या हाताखालचा गोळा उचलला, दाबून पाहिला, नाही म्हणून मान हलवली आणि आणखी भुसा टाकला.

"आस्सं," आई म्हणाली. "येतंय की म्हातारीला."

नंतर कळलं की सिंधमध्ये घरी असताना अम्मांची मातीचीच चूल असे. कॅम्पात आल्यापासून बादलीवर भागवत होत्या. त्या दोघी चुलीचं तोंड कुठल्या दिशेला यावर कडाकडा भांडल्या, एक मराठीत, एक सिंधीत. दोघींनाही समोरचीचं सगळं समजत होतं. शेवटी तोंड अम्मांच्या म्हणण्याप्रमाणे झालं आणि कड आईच्या म्हणण्याप्रमाणे. देवी उघड्या पाठीनं येऊन ओल्या चुलीवर पाच बोटं उमटवून गेली. कुणी ती पुसली नाहीत. मी तर हात पाठीमागे बांधूनच उभा होतो.

आईनं त्यावर दही शिंपडलं, कडुलिंब ठेवला, हळदकुंकू लावलं. मग अम्मांनी लावलं. त्या दिवशी सगळ्यांनी नायरांचा भात खाल्ला.

आई संध्याकाळच्या मोटारीनं जायला निघाली. मी पुस्तकांचं गाठोडं उचललं. मला न्यायचं की ठेवायचं, हे कुणीच बोललं नव्हतं. आई माझ्याकडे पाहून म्हणाली, "मला काय इचारतोस? घर त्यांचं हाय."

मी अम्मांकडे वळलो. त्यांनी गाठोडं माझ्या हातातून घेतलं, पडद्यामागे नेऊन ठेवलं आणि बाहेर आल्या. चुलीकडे बोट दाखवून त्या बोलू लागल्या. बोलणं लांबलचक होतं. मधे बोटं मोजली, मधे आकाशाकडे पाहिलं, मधे माझ्या छातीवर एक बोट टोचलं. शेवटी म्हणाल्या, "समझियुइ?"

माझी मान आपोआप हलायला लागली. मी तिला अर्ध्यात थांबवलं.

"नाही अम्मां," मी म्हणालो. "समजलं नाही."

सगळी रांग हसली. अम्मां हसल्या नाहीत. त्या चुलीपाशी उकिडव्या बसल्या, मलाही हात धरून खाली बसवलं आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागल्या, हळूहळू, माती दाखवून, बोटं दाखवून. ओली आहे. चार दिवस. आधी पेटवायची नाही. पेटवायची ती मी, तू नाही.

"हे समजलं," मी म्हणालो.

पाचव्या दिवशी अम्मांनी चूल पेटवली. मी तोवर काडेपेटीला हात लावला नाही. तर्कशास्त्राच्या तासाला प्राध्यापकांनी "समजलं?" असं विचारलं, तेव्हा मी उभा राहिलो आणि म्हणालो, नाही. ते चकित झाले. मग त्यांनी खडू उचलला. मागच्या बाकांवरून सुटकेचा एक मोठा सुस्कारा आला, तो पुण्याच्या मुलांचा होता.

आई विचारते आहे, तिच्या उलटीचं मी लिहिलं का. मी नाही म्हणालो. ती माझ्या तोंडाकडे पाहते आहे.